वरचं बटण

आमच्या शुक्रवार पेठेतले दगडूमामा शिंपी नवा कोट कधी पुरता शिवून देत नसत. गळ्याचं वरचं बटण पुडीत बांधून हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे घरच्या हाताचं. घरी लावून घ्या की."

"कोट तुम्ही शिवायचा आणि बटण मी लावायचं, हा कुठला न्याय?" मी एकदा फणकारले.

"लई जुना न्याय हाय, वैनी," म्हणाले, आणि खाली मान घालून मशीन मारू लागले. एका सड्या मास्तरांनी तर विचारलं, "माझ्या घरी बाईमाणूस नाही, मी काय करू?" मामांनी त्यांना त्यांच्या शेजारच्या म्हातारीकडे पाठवलं, पण स्वतः काही बटण लावलं नाही. असा मेला हट्ट!

मामा मूळचे केम गावचे. मोठ्या लढाईत पलटणीचे कपडे शिवायला बसऱ्याला जाऊन आलेले. "हातात बंदूक नव्हती, सुई होती," असं म्हणायचे. पण गोळी काय हातात बघून येते? दाराकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. गिरणीचा भोंगा झाला की कात्री टाकून थेट मशीनखाली! थोड्या वेळाने घाम पुसत वर यायचे आणि म्हणायचे, "सुई पडली व्हती." रोज भोंग्यालाच यांची सुई पडायची. पेठेतली माणसं एकमेकांना सांगायची, "चला, मामांची सुई पडली, कामाला उशीर झाला." आम्ही सगळे पोट धरून हसायचो.

मग गावात लष्करी कायदा आला आणि हसणं पळालं. गल्लीत बुटांचा आवाज आला की चुलीवरचं तसंच टाकून मी आत पळायची. दारं लावून आम्ही श्वास रोखून बसायचो. आता सगळ्या पेठेचीच सुई पडली होती.

त्यात पांढऱ्या टोपीला बंदी. आणि आमचे हे तर महाहट्टी. घरासमोर, मामांच्या शेजारीच आमचं किराणा दुकान. एका सकाळी कोट चढवला, टोपी घातली आणि निघाले.

"अहो, पाया पडते, टोपी काढून ठेवा," मी म्हटलं.

"डोकं माझं, टोपी माझी," म्हणाले, आणि उंबरा ओलांडला.

दुकानाच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. कोपऱ्यावरून गोरे सोजीर आले, एकाने टोपी उडवली, दुसऱ्याने दंड धरला. मी दारात उभी. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही.

उघडं होतं ते फक्त मामांचं दुकान. मामा बाहेर आले, आणि हातात कात्री! सोजिराने बंदूक रोखली. बाई गं, आता दोघंही जातात, असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तर मामा रस्त्याच्या मधोमध ताठ उभे, कपाळाला हात लावून सलाम ठोकलेला.

"सलाम साब! पलटन का दर्जी. बसरा," मामा म्हणाले. "एक बटन, साब. काम बाकी."

त्या गोऱ्याला काय कळलं देव जाणे, पण तो हसला. मामांनी पुढे होऊन ह्यांच्या कोटाचं वरचं बटण कापून घेतलं.

"अण्णा, हे माज्यापाशी ऱ्हातंय," ह्यांना म्हणाले. "न्यायला या."

ह्यांना गाडीत घालून नेलं. गाडी वळली तसे मामा रस्त्यातच मटकन बसले. माझा मात्र संताप संताप झाला. "माझा नवरा धरून नेला, आणि तुम्हाला बटण सुचतं?"

"वैनी, म्या लढाईला निघालो तवा बायकोनं केमच्या ठेसनावर माजं बटण तोडून घेतलं," मामा म्हणाले. "म्हणली, परत या, मंग लावते. लई माणसं तितंच ऱ्हायली, वैनी. म्या आलो."

"मग? लावलं त्यांनी?"

"मी यायच्या आदीच मानमोडीच्या साथीत गेली ती. बटण कुटं ठेवलं, कुणालाच ठावं न्हाय."



त्यानंतर ह्यांचं बटण मामांच्या मशीनवर असायचं. भोंगा व्हायचा, मामा पांढरेफटक पडायचे, मशीनची कड घट्ट धरायचे. पण खाली जात नसत. डोळे कोपऱ्यावर. मी दारातून त्यांच्याकडे बघायची आणि तेवढा धीर पुरवून पुरवून वापरायची.

एका दुपारी हे सुटून आले. दाढी वाढलेली, कोट खांद्यावरून लोंबत होता. घरी न येता आधी मामांच्या पायरीवर बसले. मी पदर सावरत धावले. मामांनी दोरा ओवलेली सुई आणि ते बटण माझ्या हातात दिलं.

"वैनी, आता लावा."

अंगावरचं शिवू नये म्हणतात, म्हणून ह्यांनी दातात दोरा धरला. मी रडत रडत बटण लावलं. दोनदा सुई बोटात घुसली. मामा एकटक बघत होते.

मागे दुकानात खुंटीवर मामांचा लढाईतला जुना खाकी कोट होता. वरचं बटण नसलेला.

"आणा मामा, त्यालाही लावून देते," मी म्हटलं.

मामांनी कोट काढला, गळ्याशी अंगठा फिरवला, आणि पुन्हा खुंटीला लावला.

"न्हाय, वैनी. ऱ्हाऊ द्या. तिचं काम बाकी हाय ते."

भोंगा झाला नव्हता, तरी मामा मशीनखाली वाकले.

"सुई पडली," म्हणाले.

सुई माझ्या हातात होती.