विहिरीला अनुमोदक

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं, वारा पडलेला होता, आणि बाजारपेठेची कमान तर महिनाभर जागेवर नव्हती. कारण आदल्या सभेत तिच्या आठवणीला अनुमोदक मिळाला नव्हता. कमान गेली म्हणून कुणी हळहळलं नाही. भाजीवाल्यांनी उलट आपल्या हातगाड्या थोड्या पुढं घेतल्या.

तळखेड्याची ही रीतच होती. दर अमावास्येला दुपारी जुन्या जकात नाक्याच्या पडवीत गावसभा भरायची. ज्यानं त्यानं एक तक्रार सांगायची आणि एक आठवण. तक्रारींचं काय, सांगितल्या की माणूस हलका व्हायचा आणि पुढच्या सभेला पुन्हा त्याच घेऊन यायचा. आठवणीचं तसं नव्हतं. आठवण सांगणारा तो सूचक. दुसऱ्या कुणाला तीच आठवण असली तर तो हात वर करायचा, तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला की ती वस्तू गावात राहायची. नाही मिळाला तर दिवेलागणीला जायची. कुठं जायची, हे विचारायची पद्धत नव्हती.

बरं, भिडेखातर हात वर केलेलाही चालत नसे. वाण्याच्या ओट्याला एकानं असंच न आठवता अनुमोदन दिलं. ओटा राहिला, पण तेव्हापासून तो शेजारच्या गल्लीत आहे आणि वाणी उभ्यानं धंदा करतो.

त्या अमावास्येला चावडीमागच्या विहिरीची पाळी होती आणि सूचक होते हैबतीअण्णा. त्यांचं घर विहिरीला लागूनच. बायको, सोना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण काठाच्या दगडावर तिच्या दोरानं पाडलेली खाच अजून होती. संध्याकाळी त्या खाचेत बोट ठेवून बसलं की अण्णांना जेवण गोड लागायचं. गावात नळ आल्यापासून विहिरीवर दुसरं कुणी फिरकत नव्हतं.

अण्णा उठले, टोपी सारखी केली आणि सावकाश बोलले.

"माझी सोना त्या विहिरीवर पाणी भरायची. कधी घाई नाही, कधी भांडण नाही. सगळ्यांना आधी भरू द्यायची, आपण शेवटी. लई गरीब स्वभाव."

"अनुमोदन?" अध्यक्ष शकूरभाई तांबोळींनी विचारलं.

पडवीत एकही हात वर गेला नाही. बाप्यांनी पाणवठ्यावर रेंगाळायचं नाही अशी तेव्हाची रीत. आणि सोनाबरोबर पाणी भरणाऱ्या बाया, काही लेकांकडं शहरात गेल्या होत्या, काही वर गेल्या होत्या. एक ठकूबाई तेवढी उरली होती, अण्णांची भिंतीला भिंत शेजारीण. पण ती सोनाशी भांडली होती ती भांडलीच. सोनाचं नाव निघेल तिथं ती पाऊल टाकत नसे.

चिटणीस वामन गुरव भला माणूस. तो वाकून म्हणाला, "अण्णा, आठवण बदला की. पाणी गोड होतं म्हणा. आम्ही सगळे प्यालोय, सगळे हात वर करतो."

"मग राहील काय?"

"जेवढी आठवण तेवढी वस्तू. पाणी राहील."

"आणि खाच?"

वामननं शकूरभाईंकडं पाहिलं. "खाच नाही राहायची."

"मग नको. नुसतं पाणी नळालाही येतंय."

"नियम आहे, अण्णा."

"असू दे की. नियमाला मी कुठं नाही म्हणतोय? मी फक्त विहीर सोडत नाही."

आणि अण्णा काठी टेकत गेले ते काठाच्या दगडावर जाऊन बसले, खाचेवर तळहात ठेवून.

दिवेलागण झाली. आधी पाणी गेलं. मग आतले चिरे, एकेक थर करून, खालून वर. शेवटी अण्णा बसले होते तेवढा दगड उरला. सभेची मंडळी येऊन उभी राहिली.

"अण्णा, उठा," वामन म्हणाला. "विहिरीला जायचंय. तिचा खोळंबा होतोय."

"मग जाऊ दे मला घेऊन."

"असं कसं?" शकूरभाई म्हणाले. "तुमचा विषय आजच्या सभेत नव्हता. ठरावाशिवाय तुम्हाला जाता येणार नाही."

"मग तिलाही नाही."

शकूरभाईंनी दाढी खाजवली. असा पेच पूर्वी आला नव्हता. "पुढच्या अमावास्येला तुमचा विषय घेऊ?"

"घ्या. तोवर बसतो."

कुणीतरी चहा सांगितला, आणि सोना किती गरीब, सगळ्यांना कशी आधी भरू द्यायची, हे सभेतलं बोलणं मंडळी मोठमोठ्यानं पुन्हा उगाळू लागली.

तेवढ्यात शेजारचं दार करकरलं आणि ठकूबाई बाहेर आली. कमरेवर घागर, खांद्यावर दोर. मंडळींना कोपरानं बाजूला सारत ती अण्णांपुढं उभी राहिली.

"भावजी, सोना गरीब?"

"व्हय."

"सगळ्यांना आधी भरू द्यायची? कुणाला, मला? एक दिवस तरी? नंबर मोडून घुसायची ती! हा पोचा बघा घागरीचा. तिनंच पाडलाय. वर मलाच म्हणते, घागर सांभाळता येत नाही तर पाण्याला येता कशाला!"

अण्णांनी पोच्याकडं पाहिलं. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणून ते इतकी वर्षं चांगलंच बोलत आले होते. बोलता बोलता सोना मऊ होत गेली होती, पार कुणालाच ओळखू येऊ नये इतकी. त्यांनी पोच्यावरून बोट फिरवलं.

"घुसायची खरी," ते म्हणाले. "मलाही ढकलायची, चुलीपुढनं." मग मान वर करून वामनला म्हणाले, "लिही रे. सूचक मीच. सोना नंबर मोडायची, आणि कुणाच्या बापाचं ऐकायची नाही."

"अनुमोदन?" शकूरभाईंनी तिथंच, रस्त्यात, विचारलं.

ठकूबाईचा हात इतक्या जोरात वर गेला की खांद्यावरचा दोर खाली पडला.

चिरे वरून खाली आपापल्या थरावर जाऊन बसले. मग पाणी आलं. खाच अण्णांच्या तळहाताखाली होतीच. शकूरभाईंनी सभा संपल्याचं सांगितलं, मंडळी चहा पिऊन पांगली. अण्णा मात्र बसूनच राहिले.

ठकूबाईनं दोर उचलला, घागरीला फास घातला आणि घागर काठावर आदळली.

"सरका भावजी," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी आज माझा नंबर पहिला लागलाय."