ड्रिल मशीनबरोबर येणारे बापूमामा

आमच्या मंगळवार पेठेत बापूमामांच्याकडं ड्रिल मशीन मागायला गेलं की मशीन मिळतंय, पण बरोबर बापूमामा बी येतात. एकटं मशीन ते कुणाला देत न्हाईत. शिरोलीच्या एका कारखान्यात जन्म काढला, आता रिटायर हायत. खांद्यावर मशीन, पायात रबरी स्लीपर, आणि पिशवीत स्लीपरचा आणखी एक जोड. तो आपल्यासाठी.

"चामड्याचं पायताण घालून मशीन धरतोस? लगीन हाय व्हय कुणाचं?"

मग तपासणी. वैद्यानं नाडी बघावी तशी सगळी वायर बोटांतनं सरकवत नेतात. कुठं खरचटलेली दिसली, काम बंद. फरशी ओली दिसली, काम बंद, आधी पुसा. एकदा आमच्या तालमीतल्या पोरांनी प्लग बसंना म्हणून तो कापून टाकला आणि उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी बोर्डात खोचल्या. आपल्यात कुणी केलं न्हाय असं सांगू नका. मामांनी बटन बंद केलं, काड्या उपटल्या आणि एकाच्या तळहातावर ठेवल्या.

"जपून ठेव. तुझ्या फोटोफुडं उदबत्ती लावायला लागतील."

खरी गंमत तर पुढंच हाय. मशीन आपण चालवायचं आणि मामा बटनापाशी स्टूल टाकून बसणार. बोट बटनावर, नजर आपल्यावर. चहा दिला तर डाव्या हातानं पिणार. फोन वाजला तर वाजू दे.

"मशीन दोघांचं काम हाय," म्हणतात. "शॉक बसला की धरलेलं हातातनं सुटत न्हाय. मग बटन काय तुझा आजा येऊन बंद करनार?"

मला हसू येतंय आणि त्याच वेळी लई भारी बी वाटतंय. अख्ख्या पेठेतली घड्याळं, पडदे, कपाटं ह्या एका माणसाच्या बोटाखाली लागलीत की.

परवा मशीन मागायला गेलतो, तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या घरात आत गेलो. टेबलावर मामींचा हार घातलेला फोटो, भिंतीला टेकून उभा. मामी जाऊन वर्ष होत आलं. शेजारी वाटीत स्क्रू, त्यांच्यावर धूळ.

"मामा, फोटो अजून लावला न्हाईसा?"

मामा वायर गुंडाळत होते. ती त्यांनी परत सोडली, परत गुंडाळली.

"बटनावर तीच बसायची की. एका हातानं शेंगा फोडायची, दुसरा बटनावर. मी कितीबी वेळ लावू दे."

"मग मला हाक मारायची."

"तुमास्नी कामं असत्यात."

मी चपला काढल्या, पिशवीतली स्लीपर घातली आणि बटनापाशी स्टूल ओढलं. बोर्डाच्या वरची भिंत मोकळी होती, फोटोसाठी तिकडं बोट केलं.

"येडा हाईस का? बोर्डाच्या वरनं आतली वायर जाती."

बोलता बोलता त्यांनी वायर तपासायला घेतली बी होती. समोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, मग माझ्याकडं बघितलं.

"नजर हलवायची न्हाय, पैलवान."

मी बटन दाबलं. भोक पडलं. मामांनी फोटो लावला, मागं सरकून बघितला, सरळ केला. परत जाऊन उगंच थोडा सरळ केला.

"इथनं तिला बटन दिसतंय," म्हणाले.

मी बोट अजून काढलं नव्हतं.