मुळाचा काप

गायकवाड सरांच्या घरी कुकरची शिट्टी झाली म्हणजे जेवण तयार झालं असं समजू नये. मी एकदा समजले. झाकण उघडलं, तर गढूळ पाण्यात बोटाएवढे लाकडाचे तुकडे.

"हात लावू नकोस, सुनीता! अजून कच्चे आहेत."

मऊ झाले की सर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसतात.

इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला, सर आमचे शेजारी. एकटेच राहतात. युनीत, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, लाकडाची रचना शिकवून रिटायर झाले. इथल्या देशी पाइनची मुळं हा खास विषय. झाडाकडे मान वर करून बघतच नाहीत. "खोड काय, कोणीही बघतं!"

यंदा आमचं ड्रेन तुंबलं. प्लंबरने पाइपातून मुळांचा झुबका ओढला आणि आमच्या अंगणातल्या हूप पाइनकडे, म्हणजे त्या देशी पाइनपैकीच एकाकडे, बोट दाखवलं. मी लगेच शनिवारच्या यादीत लिहिलं: झाड तोडायला माणूस बोलावणे.

हे कळताच सर स्लिपर घालून धावत आले. "थांब! ते मूळ कुंपणाजवळच्या बॉटलब्रशच्या झाडाचंही असेल. आडव्या कापात मोठी भोकं दिसली तर बॉटलब्रश. पाइनला ती नसतात."

संध्याकाळी त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. मला मधाचं पोळं दिसलं.

"भोकंच भोकं आहेत, सर! वाचलं ना झाड?"

"अगं, हा उभा काप. हे पेशींच्या भिंतीवरचे खळगे. मुळातल्या पेशी रुंद, म्हणून ओळीला लागून ओळी." सरांचा आवाज उतरला. "पाइनच आहे."

"तुम्ही बॉटलब्रश म्हणाला असतात, तर मला काय कळणार होतं?"

"स्लाइड समोर ठेवून खोटं बोलू?"

मी यादीतलं झाड खोडलं आणि नवा पाइप लिहिला. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

नवा पाइप बसल्यावर सर सारखे दारात. "पाणी जातंय?"

"मस्त जातंय."

"कुठे थोडंसुद्धा अडलं नाही?"

"नाही, सर."

"बरं," म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. युनी सुटल्यापासून त्यांच्याकडे मूळ घेऊन कोणी येत नव्हतं, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"सर, कोथिंबिरीच्या वाफ्यात एक मूळ आलंय," मी म्हटलं. "कशाचं, काही कळत नाही."

वाफा पाइनच्या बुंध्याशीच आहे. सर तोवर ब्लेड आणायला घरी पळालेही होते.