मशीनकट

धोंडीरामने केस कापायचे मशीन घेतले ते समोरच्या आरशामुळे.

मधल्या मारुतीजवळचे त्याचे दुकान म्हणजे पत्र्याची पडवी, खाली एक घोंगडी आणि कात्री-वस्तऱ्याची धोपटी. गिऱ्हाईक मांडी घालून बसायचे, धोंडीराम उकिडवा बसायचा आणि डोके होऊन जायचे. मग समोर पुण्याच्या एका माणसाने सलून काढले. त्यात पुरुषभर उंचीचा आरसा आणि फिरती खुर्ची. धोंडीरामची गिऱ्हाइके आधी नुसता आरसा बघायला गेली आणि मग तिकडेच बसू लागली.

"आपण त्याच्या एक पाऊल पुढं टाकायचं," धोंडीराम बायकोला म्हणाला. "जग बदलतंय. कात्री आता म्हातारी झाली."

"कात्री न्हाय, तुमी झालाय," रंभाबाई म्हणाली. "अवं, ह्ये मशीन आदी भोपळ्यावर चालवून बघा की."

"भोपळ्याला केस असत्यात व्हय?"

आपल्या या उत्तरावर तो दिवसभर खूश होता. पुढे जन्मभर मात्र तो स्वतःच सांगायचा, की भोपळ्यावर चालवलं असतं तर निदान भोपळा बोंबलला नसता.

पहिले डोके वजनदार हवे, म्हणून त्याने बिरप्पाला गाठले. बिरप्पा घोंगड्यांचा मोठा व्यापारी. त्याने एक गोष्ट केली की सगळी पेठ करायची. त्यातून त्या दिवशी दुपारी त्याच्या मुलीला बघायला जेऊरचे पाहुणे येणार होते, त्यामुळे हजामत त्यालाही हवीच होती.

"दुकतं का रं ह्ये?" बिरप्पाने मशीनकडे बघत विचारले.

"आण्णा, विलायती चीज हाय. कापल्यालं कळत बी न्हाय."

धोंडीरामने मानेपासून सुरुवात केली. मशीन दोन बोटे वर सरकले, कटकट वाजले आणि थांबले. हातात धरून दाबायच्या त्याच्या दोन्ही मुठी दबेनात. ते पुढे जाईना की मागे येईना. धोंडीरामने हिसका दिला, तसा बिरप्पाही मशीनबरोबर मागे आला.

"कळत न्हाय म्हनला हुतास न्हवं?"

"ते कापल्यावर, आण्णा. आजून कापलंच न्हाय."

केस तोडून मशीन सोडवावे, तर ते कातडीला असे चिकटले होते की मध्ये कात्रीचे टोकही शिरेना. हात काढावा, तर मशीनच्या वजनाने बिरप्पाच्या डोळ्यांत पाणी येई. समोरच्या सलूनमधले गिऱ्हाईक खुर्चीसकट इकडे वळले.

"साखर पेठेत नरसय्या हाय, कापडाचं माग दुरुस्त करतो," धोंडीराम हळूच म्हणाला. "जाऊया का?"

दोघे निघाले. पुढे खांद्यावर पंचा आणि काखेत बांधलेला फेटा घेतलेला बिरप्पा, मागे त्याची मानगूट धरून धोंडीराम. बिरप्पा थबकला की धोंडीराम त्याच्यावर आदळायचा. कुणीतरी विचारले, "आण्णा, काय गुन्हा केला?"

"इंग्रजी हजामत चाललीया," बिरप्पा मान न वळवता म्हणाला.

नरसय्याने दोघांना उजेडात बसवले आणि बराच वेळ बघितले. "मागात अडकलेले केस लई काढले," तो म्हणाला. "केसात अडकलेला माग पयल्यांदाच बगतो." मग त्याने मागाचे तेल मशीनमध्ये सढळ हाताने ओतले. "हं, आता दाब."

इतका वेळ अडून बसलेल्या मशीनवर धोंडीरामने सगळा जोर लावला. मशीन सुटले ते मानेपासून टाळूवरून थेट कपाळावर येऊनच थांबले. बिरप्पाच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंना रान आणि मधून बार्शी लाइनचे रूळ जावेत, तसा सरळ पट्टा पडला.

"किती गेलं?" बिरप्पाने विचारले.

"मदलं गेलं, आण्णा. कडंचं हाय."

आता कडेचेही मधल्यासारखे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते मशीनने लोण्यासारखे केले. हे गुण त्याने आधी का झाकून ठेवले होते, ते धोंडीरामला कधीच समजले नाही.

बिरप्पाने डोक्यावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. असले साफ डोके गावात दिसायचे ते कुणाचा बाप गेल्यावर. आणि सुतकाच्या घरात सोयरीक कोण बोलणार?

"फेट्याखाली कोन बगतंय?" धोंडीराम म्हणाला.

"मग तू बी चल संगं. कुनी बगितलं तर जाब तू द्यायचा."

घरी जेऊरचे ज्ञानबा आणि त्यांची बायको बनाबाई येऊन बसले होते. बिरप्पा रामराम करायला वाकला. फेटा बांधला होता आधीच्या डोक्यावर. तो आताच्या डोक्यावरून निसटला आणि ज्ञानबांच्या पायाशी पडला.

ज्ञानबांनी त्या डोक्याकडे बघितले. त्यांचे डोळे भरून आले. "थोरलं कवा गेलं, बिरप्पा? कळवायचं तरी."

बनाबाईंनी पदर डोळ्यांना लावून सूर धरला. तो ऐकून आतल्या खोलीतून बिरप्पाचा म्हातारा बाप काठी टेकत बाहेर आला. "कोन गेलं रं?" त्याने विचारले आणि उत्तराची वाट न बघता तोही खाली बसून रडू लागला.

रडणाऱ्यांत आपलीही भर घालावी, असे धोंडीरामला फार वाटले. पण बिरप्पा त्याच्याकडे बघत होता.

"कुनी न्हाय गेलं," धोंडीराम पुढे होऊन म्हणाला. "ह्यो मशीनकट हाय. मुंबईचं मोटं व्यापारी आता आसंच ठिवत्यात." मुंबई त्याने कुर्डुवाडीच्या फलाटावरच्या पाटीवर वाचली होती, तेवढीच.

ज्ञानबांनी डोळे पुसले. उठून बिरप्पाभोवती एक फेरी मारली, डोक्याला हात लावून बघितला. "गार लागत आसंल की."

"लई," बिरप्पा म्हणाला. तेवढे खरे होते.

"पोरगी आमाला पसंत हाय," ज्ञानबा बायकोकडे बघत म्हणाले. "बापाचं डोकं थंड हाय. आन् आसलं डोकं आमच्या जेऊरात कुनाचं न्हाय. माजं बी करा."

धोंडीरामने ते डोके केले. दर कटकटीला तो थांबून मशीन सुटे आहे ना ते बघत होता.

पुढच्या आठवड्यात पडवीत जागा पुरेना. जो तो आण्णांसारखा मशीनकट मागू लागला. सलूनवाला स्वतः दारात येऊन बघत उभा राहिला. पण पुन्हा कुणाच्या केसात शिरायची धोंडीरामची छाती होईना. तो गिऱ्हाइकाला पाठमोरे बसवायचा, डाव्या हाताने कानाजवळ मशीन नुसतेच वाजवायचा आणि उजव्या हातातल्या जुन्या कात्रीने बारीक कापत जायचा.

"कात्रीपरीस लई हलकं चालतंय की," गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणायचे.

"व्हय," धोंडीराम म्हणायचा. "मान हलवू नका."