सोनवणे काका वाळवंट झाडतात

सोनवणे काका दर शुक्रवारी वाळवंट झाडतात. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. खराट्याने झाडतात. आपल्याकडे अंगण झाडायला असतो तोच, नारळाच्या हिरांचा, इथल्या इंडियन दुकानातून आणलेला. डोक्यावर हेल्मेट, अंगात कंपनीचं चमकदार पट्ट्यांचं जाकीट, पायात सेफ्टी शूज, हातात खराटा, आणि समोर क्षितिजापर्यंत कतार.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकांचं डोकं उन्हाने फिरलं. मी आमच्या पर्यावरण गटाची पत्रकं वाटायला तिथे गेले होते. (कतारमध्ये मोर्चा निघत नाही, पत्रक निघतं, तेही परवानगी काढून.) गाडीतून उतरले तर हे लांबूनच ओरडले, "तिथेच थांब! त्या बाजूने ये. दगडावर पाय ठेव. माझं झाडून झालंय."

जणू काही मी ओल्या फरशीवर चपला घालून आले होते.

ती जागा समैस्मा गावाच्या पलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडी आत आहे. जमीन खोलगट. अशा जागेला इथे रौदा म्हणतात. थंडीत पडलाच तर पाऊस तिथे साचतो, मग बोटभर गवत येतं. कडेला सिद्रची झाडं आहेत. सिद्र म्हणजे आपल्या बोरीची चुलतबहीण. रौद्यात गाडी घालायला कायद्याने बंदी आहे आणि लोक बिनदिक्कत घालतात. मी स्पष्टच लिहिते. थंडीत तंबू ठोकायचा मोसम आला की मोठ्या चाकांच्या गाड्या आणि चार चाकांच्या बाइक घेऊन यांची फौज उतरते, आणि जे गवत उगवायला वर्षभर वाट बघतं त्यावर गोल गोल फिरून व्हिडिओ काढते. यात देशी-परदेशी असा भेद नाही. आपले पुण्या-मुंबईचे इंजिनिअरही भाड्याची गाडी काढून तिथे मर्दुमकी गाजवतात आणि सुट्टी संपली की ऑफिसात पर्यावरण दिनाचा केक कापतात.

काकांचं म्हणणं वेगळं. "माणूस वाईट नसतो गं ऋता. माणूस चाकोरी बघून घुसतो. कुणीतरी गेलंय म्हटलं की आपणही जातो. पहिली चाकोरी पुसली की दुसरी पडत नाही. खलास!"

म्हणून ते रौद्याच्या तोंडाशी उमटलेली चाकं पुसतात. स्वतःची गाडी डांबरावरच सोडतात, तिच्यापुढे दोन नारिंगी कोन ठेवतात आणि चालत आत जातात. मागे वळून स्वतःच्या पावलांवरही खराटा फिरवतात.

काका मूळचे निफाडचे. एका गॅस कंपनीत सेफ्टी ऑफिसर. काकू नाशिकला शाळेत शिकवतात, मुलगी मंजिरी तिथेच शिकते, आणि काका मुऐदरला एका व्हिलाच्या मागच्या खोलीत राहतात. ‘पुढच्या वर्षी फॅमिली आणतो, इन्शाल्ला,’ हे वाक्य मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. मंजिरी आता कॉलेजात आहे.

सुरक्षितता हा काकांचा धर्म आहे. आमच्या अल गराफाच्या घरी चहाला आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी बघतात. आई म्हणते, "अहो भाऊजी, बसा तरी!" तर म्हणतात, "वहिनी, बसलो असतो, पण तुमचं पायपुसणं सरकतंय. निअर मिस आहे हा." घडलेला अपघात त्यांना फारसा भावत नाही, घडता घडता राहिलेल्या अपघातावर त्यांचा जीव. कामाच्या आधी कामगारांना उभं करून सूचना द्यायच्या, त्याला त्यांच्याकडे टूलबॉक्स टॉक म्हणतात. काका तो कुठेही देतात. मंडळाच्या गणपतीत आरतीआधी दिला होता. निरांजन कुणी धरायचं, दुपट्टे कुणी आवरायचे, धक्का लागला तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं. प्रसाद निवला, पण कुणी भाजलं नाही.

एकदा रौद्याच्या तोंडाशी पाच-सहा पोरांची गाडी आली. काका हात आडवा करून उभे. पोरांना वाटलं, सफाई कामगार आहे. एकाने आदराने गार पाण्याची बाटली दिली. काका ‘शुक्रन’ म्हणाले, अर्धी प्यायले, आणि हिंदीत टूलबॉक्स टॉक सुरू केला. पोरांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग गाडीत बसली आणि काकांच्याच भोवती चार गोल चकरा मारून, धूळ उडवत, हात हलवत निघून गेली. मी रागारागाने गाडीचा नंबर टिपत होते.

"काका, तक्रार करायची!"

"करू गं. आधी हे गोल पुसू. गोल बघून लोकांना फार चेव येतो."

मागच्या वर्षी एक चांगली गोष्ट घडली, निदान तसं वाटलं. अशा गाड्यांवर स्थानिक पातळीवर लक्ष ठेवायला सरकारी निधीतून अनुदान जाहीर झालं. ज्या जागेची निवड होईल तिथे अडथळे, फलक आणि मोसमभर सुट्टीच्या दिवशी उभी राहणारी गस्तीची गाडी. दंड करू शकणारी खरी गस्त, हेल्मेटवाले काका नव्हेत. आमच्या गटाने अर्ज केला. घाई होती, कारण काकांचं वय झालं होतं आणि मार्चमध्ये नोकरी संपणार होती. इथे नोकरी संपली की मुक्काम संपतो. काका गेले की त्या रौद्याला कुणी उरणार नव्हतं. काकांनी स्वतःच हे मला एकदा सांगितलं, अगदी कामाच्या सुरात: "माझ्या जागी रिलीव्हर मिळाला पाहिजे."

आमचा अर्ज पहिल्या चाळणीत टिकला. पुढे जागेवर पाहणी. समितीला आजचं नुकसान डोळ्यांनी बघायचं होतं. आमचे फोटो गेल्या थंडीतले होते. मी काकांना घरी बोलावलं, समोर बसवलं आणि या खेपेला टूलबॉक्स टॉक मी दिला.

"काका, पाहणीपर्यंत खराट्याला हात लावायचा नाही."

"म्हणजे चाकोऱ्या राहू द्यायच्या?"

"राहू द्यायच्या. त्यांना दिसल्या पाहिजेत."

"आणि त्या बघून आणखी गाड्या शिरल्या तर?"

"शिरू देत. जेवढं वाईट दिसेल तेवढं चांगलं."

काकांनी चहाचा कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवला. "हे काही बरोबर नाही," म्हणाले. पण कबूल झाले.

पाहणीआधीचे दोन शुक्रवार त्यांनी कसे काढले ते मला फोनवरून कळत होतं. ते तिथे जायचे, डांबरावर गाडी लावून तिच्यातच बसायचे आणि मला बातम्या द्यायचे. "एक आत गेली." मग थोड्या वेळाने, "अगं, सिद्रच्या मुळावरून गेली गं." मी म्हणायचे, काका, घरी जा. ते म्हणायचे, "घरी काय आहे?"

पाहणीला समितीकडून जासिम साहेब आले. वयस्कर, अतिशय सभ्य, छान हिंदी बोलणारे. मी त्यांच्याबरोबरच गेले. वाटेत त्यांना चाकोऱ्यांवर एवढं मोठं भाषण दिलं की ते म्हणाले, "बेटी, अब देखेंगे ना."

आणि आम्ही पाहिलं.

सगळा रौदा लख्ख झाडलेला होता. तोंडाशी झाडलेला होता, आत झाडलेला होता, खराट्याच्या बारीक रेघा एका दिशेने, शेणाने सारवल्यासारख्या. आत जायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दगड मांडले होते. सिद्रच्या सावलीत घडीचं टेबल, त्यावर इस्त्री केलेलं कापड, थर्मास, नवेकोरे कप, चिवडा आणि बेसनाचे लाडू. बाजूला सोनवणे काका. जाकीट नाही, हेल्मेट नाही. पांढरा शर्ट, भांग पाडलेला. रौद्यात मी त्यांचे केस त्या दिवशी प्रथम पाहिले.

"काका!" मी दात आवळून म्हटलं, "हे काय करून ठेवलंत?"

"अगं, पाहुणे येणार ना," काका हळूच म्हणाले. "पसाऱ्यात कसं बोलावणार?"

जासिम साहेब खूश झाले. "माशाल्ला, कितना साफ रखा है!" त्यांनी दोनदा चहा घेतला, चिवड्यात काय काय घालतात ते विचारलं. काकांनी त्यांना एकेक झाड हात लावून दाखवलं. हे पावसानंतर फुटलं, इथे पक्षी बसतो, ही बोरं खाऊन बघा. मी मागून सांगत होते की इथे चाकोऱ्या होत्या, इथे गोल होते, इथे मूळ तुटलंय. साहेब सभ्यपणे मान डोलवत होते. जे दिसत नाही ते त्यांनी तरी कसं लिहायचं?

अनुदान दुसऱ्या एका जागेला मिळालं, जिथे गवताची काडी उरलेली नाही. तिथे आता गस्तीची गाडी उभी असते आणि उघड्या वाळूची राखण करते. आमच्या अर्जावरचा शेरा असा: नुकसान आढळले नाही, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा. मी आजवरचं सगळ्यात जहाल पत्रक त्याच दिवशी लिहिलं. पैसा द्यायचा तर आधी जागेचं मढं दाखवा, हा कुठला नियम? वाचवण्यासारखं काही उरलेलं असणं हा अपात्रतेचा निकष कसा? प्रश्न बरोबरच होते.

काकांना सांगायला मी मुऐदरला गेले. भांडायचंच ठरवून गेले होते. त्यांच्या खोलीत मी आधी कधी गेले नव्हते; कुणीच गेलं नसावं. एक पलंग, एक खुर्ची. मला खुर्ची देऊन ते पलंगावर बसले, आणि पाहणीच्या दिवशीचेच नवे कप काढले. मी निकाल सांगितला.

"चूक झाली गं," ते म्हणाले. "पहाटे नुसतं टेबल मांडायला म्हणून गेलो होतो. मग वाटलं, एवढ्या वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदाच कोणी येतंय. इथे खोलीवर कोणाला बोलावणार? हिचं येणं राहिलं, मंजिरीचं राहिलं. दाखवायला माझ्याकडे तेवढं एकच होतं."

मी भांडले नाही. काय भांडणार?

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी पाहणीला येतील ना परत?"

"येतील. पण तेव्हा तुम्ही नसाल."

"म्हणूनच बरं," काका म्हणाले. "मी असलो की झाडतो."

त्यानंतर ते रौद्याकडे गेले नाहीत. मार्च अजून लांब होता, शुक्रवार पुष्कळ होते. ते सगळे त्यांनी त्या खोलीत काढले. आता मी एकटी जायचे. मोसम भरात होता. गाड्या येत होत्या, आत घुसत होत्या, कुणी अडवत नव्हतं. दुपारी काकांचा फोन यायचा.

"काय गं, पडल्या का चाकोऱ्या?"

"पडल्या, काका."

"आतपर्यंत?"

"आतपर्यंत. गवत गेलंय बरंचसं."

मग काका घसा खाकरून, ऑफिसच्या आवाजात, "फोटो नीट काढ. जवळून काढ. तारीख दिसू दे. पुढच्या अर्जाला लागतील."

"काढते."

"मला मात्र पाठवू नकोस."