केरबा अस्वलाची दाढी आणि त्यानंतर काय लावायचं

एका जंगलात केरबा नावाचं एक अस्वल राहत होतं, आणि त्याचा चेहरा आजवर कुणीही पाहिला नव्हता.

म्हणजे चेहरा होता, मुलांनो. पण केसांच्या आत होता. बाहेरून एक नाक दिसे आणि दोन डोळे चमकत. तोंड कुठे असेल याचा अंदाज आवाजावरून बांधावा लागे. केरबाला याचं काही वाटत नसे. त्याची तक्रार एवढीच, की आपलं लग्न काही ठरत नाही.

एके दिवशी धनेशअण्णा त्याच्या गुहेवर आले. धनेशअण्णा म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. जंगलातली निम्मी लग्नं त्यांनी जमवली होती. उरलेली निम्मी त्यांना न विचारता झाली, आणि ती टिकणार नाहीत असं ते सगळ्यांना सांगत.

"केरबा, डोंगरापलीकडच्या हौसाबाई गुरुवारी सकाळी तुला बघायला येतायत," धनेशअण्णा म्हणाले. "बाई कामसू आहे, हसतमुख आहे. एकच अट आहे तिची."

"गुहा मोठी हवी असेल."

"गुहेचं नावही काढलं नाही. चेहरा दिसला पाहिजे, म्हणाली."

"चेहरा कशाला?"

अण्णांनी चोच खाजवली. "तिचा आधी एक संसार झालाय. सात वर्षं केला. आणि सात वर्षांत आपला नवरा हसतोय की दात विचकतोय, हे तिला त्या केसांतून कधी कळलंच नाही. या वेळी ती आधी बघून घेणार आहे."

केरबाने हनुवटीवरून पंजा फिरवला. निदान त्याला ती हनुवटी वाटली.

त्या जंगलात दर सोमवारी सोनाक्का नावाची एक म्हातारी वानरीण यायची. उंबराखाली बसून ती सगळ्यांचे केस कापायची, दाढ्या करायची. चाळीस वर्षं तिचा हाच धंदा. केरबा तिच्यापुढे जाऊन बसला आणि लाजत लाजत म्हणाला, "अक्का, दाढी करायचीय. पहिलीच आहे."

सोनाक्काने त्याला चारी बाजूंनी पाहिलं. अस्वलाच्या बाबतीत दाढी कुठे संपते आणि अस्वल कुठे सुरू होतं, हे ठरवणं सोपं नसतं. तिने कोळसा घेतला आणि त्याच्या गालांवर एक रेघ ओढली.

"हितपर्यंत दाढी. हितनं पुढं तू," ती म्हणाली. "आज मी दाखवते. गुरुवारी तुझी तू करायची. मी तवा दुसऱ्या गावाला असते."

तिने गरम पाण्याचं फडकं त्याच्या तोंडावर ठेवलं. वाटीत साबण घोळला. ब्रशने फेस काढला आणि गोल गोल फिरवत केसांच्या मुळापर्यंत नेला. मग रेझर त्याच्या पंजात दिला.

"दाबू नको. केस ज्या बाजूला झुकलेत त्याच बाजूला सोड. रेझरचं वजन रेझरलाच पेलू दे."

केरबाने जीव मुठीत धरून रेझर फिरवला. दोन ठिकाणी थोडं खरचटलं. एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला. पण पाऊण तासाने तो तळ्यात वाकला आणि पाहतच राहिला.

पाण्यात एक गोल, गुलाबी, जरा बावळट चेहरा होता. तो चेहरा हसला. डाव्या गालाला खळी पडली. केरबाला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, की आपल्याला खळी आहे. तो पुन्हा हसला. मग उगाच तिसऱ्यांदा हसला.

"अक्का, थोडं चुरचुरतंय. वर काय लावायचं?"

"गार पाणी मार. तुरटी फिरव. टिपून घे," सोनाक्का सामान आवरत म्हणाली. "लईच चुरचुरलं तर पुढच्या वेळी हात हलका ठेव. कातडं ओढल्यागत वाटलं तर बोटभर खोबरेल लाव. ते बाटलीतलं आफ्टरशेव्ह हौसेचं काम. वास आवडला तर लाव, नाहीतर नको."

एवढं बोलून ती गेली. बघा मुलांनो, चाळीस वर्षांचा अनुभव, आणि बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. अशा बाईवर कोण विश्वास ठेवणार?

तरीही मंगळवारी सकाळपर्यंत केरबाने ठेवला. मग त्याला वाटेत कोल्हेसाहेब भेटले.

"अरे वा, केरबाराव! चेहरा काढलात!" कोल्हेसाहेब म्हणाले. "वर काय लावलंत?"

"तुरटी."

कोल्हेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. कुणाच्या घरी वाईट बातमी कळल्यावर आपण मिटतो तसे.

"तुमचं वय लहान असतं तर मी काही बोललो नसतो," ते हळूच म्हणाले. "पण तुम्हाला स्थळ बघायला येतंय ना? संध्याकाळी विचारमंचावर या."

त्या जंगलात ओली दाढी विचारमंच नावाची एक संस्था होती. रोज संध्याकाळी वडाखाली तिचे सभासद जमत. मधल्या वेळात वडाच्या खोडावर संदेश लिहीत. म्हणजे सुतारपक्ष्याला सांगत आणि तो टोकून टोकून लिही. सकाळी 'सुप्रभात', दुपारी फेसाचं वर्णन, संध्याकाळी भांडण. त्या झाडाला आता फारशी साल उरली नव्हती.

मंचाचे अध्यक्ष होते साळिंदरपंत. त्यांनी जन्मात कधी दाढी केली नव्हती. अंगभर काटे असल्यामुळे ते शक्यही नव्हतं. पण त्यामुळेच ते या विषयावर तटस्थपणे बोलू शकतात, असं सगळे मानत.

केरबाने भीत भीत विचारलं, "मी नवीन आहे. आफ्टरशेव्ह लावू की नको?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत त्यांना इतका चांगला प्रश्न मिळाला नव्हता.

"लावलंच पाहिजे!" कोल्हेसाहेब गरजले. त्यांची स्वतःची एक बाटली निघत असे. मोहाच्या फुलांपासून काढलेली. नाव 'रणधीर'. "झोंबलं पाहिजे! झोंबलं नाही तर दाढी केली हे गालाला कळणार कसं?"

"अहो, काय बोलताय!" ससा म्हणाला. त्याची कातडी नाजूक होती आणि त्याहून नाजूक त्याचं मन. "नवशिक्याला मोहाचा अर्क? कोरफडीचा गर लावा. त्यात गुलाब, त्यात चंदन, त्यात काकडी. चार थर द्या. प्रत्येक थर वाळू द्या."

"काही लावू नका," गेंडा म्हणाला. "मी कधीच काही लावत नाही. मला काहीसुद्धा होत नाही. हे सगळे नाजूकपणाचे चाळे आहेत."

गेंड्याच्या कातडीवर गेल्या वर्षी एक झाड पडलं होतं. ते त्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. पण संवेदनशील त्वचेवरच्या प्रत्येक चर्चेत त्याचं मत आवर्जून घेतलं जाई.

"प्रश्न लावावं की लावू नये हा नाहीच," साळिंदरपंत म्हणाले. "प्रश्न असा आहे, की आधी काय आणि नंतर काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. याचा अर्थ कुणालाच कळला नव्हता.

"सोनाक्का तुरटी म्हणाली," केरबा पुटपुटला.

"सोनाक्का?" कोल्हेसाहेब मायेने हसले. "बिचारी. हाताने काम करते हो. अभ्यास नाही तिचा."

मंगळवारची सभा बुधवारी पुढे चालू राहिली. बुधवारी एक पोटसमिती नेमली. कोरफडवाल्यांनी सभात्याग केला आणि थोडं फिरून परत आले, कारण त्यांच्यामागे कुणी आलं नव्हतं. शेवटी कोल्हेसाहेबांनी 'रणधीर'ची बाटली केरबाच्या हातात कोंबली. सशाने चार डब्या दिल्या. निघताना साळिंदरपंतांनी केरबाला बाजूला घेतलं.

"एक लक्षात ठेवा. चुरचुरतं, झोंबतं, आग होते, असं कधी कुणाजवळ बोलायचं नाही. त्यावरून माणूस नवशिका आहे हे लगेच ओळखू येतं."

केरबाने ते अगदी मनावर घेतलं. या दोन दिवसांत त्याला पहिल्यांदाच चारचौघांत बसायला मिळालं होतं. लोक त्याला केरबाराव म्हणत होते. त्याचा प्रश्न झाडावर टोकला गेला होता. ज्याला आजवर कुणी चेहऱ्याने ओळखत नव्हतं, त्याला हे थोडं नव्हतं.

गुरुवारी उजाडताच त्याने दाढी केली. डोक्यात चौघेजण एकदम बोलत होते. सोमवारी दोन ठिकाणी खरचटलं होतं, आज सात ठिकाणी खरचटलं. मग तो बाटली आणि डब्या समोर मांडून बसला. कुणाचं ऐकू? कोल्ह्याचं ऐकावं तर ससा दुखावणार. सशाचं ऐकावं तर कोल्हा बोलणं टाकणार. केरबा मुळात भला प्राणी. त्याने कुणालाच दुखवायचं नाही असं ठरवलं.

त्याने सगळं लावलं.

आधी 'रणधीर'. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यावर कोरफड. मग गुलाब, चंदन, काकडी. मग ते सगळं फार चिकट झालं म्हणून पुन्हा 'रणधीर'. गेंड्याचा मान राखावा म्हणून मध्ये थोडा वेळ त्याने काहीच लावलं नाही.

तेवढ्यात धनेशअण्णांची हाक आली.

हौसाबाई गुहेच्या दारात उभी होती. ठसठशीत अस्वलीण, डोळ्यांत समजूत. तिने येताना पानात जांभळं बांधून आणली होती. ते पान पुढे करून ती म्हणाली, "घर छान राखलंय हो तुम्ही."

केरबाला हसायचं होतं. तळ्यात हसला होता अगदी तसं, खळी पाडून. त्याने ओठ हलवले. गालांवरच्या साती जखमा एकदम पेटल्या. ओठ वर गेले, दात बाहेर आले, डोळे बारीक झाले आणि घशातून एक आवाज निघाला.

हौसाबाई एक पाऊल मागे सरली.

पण बाई खरंच समजूतदार होती. ती थांबली. तिने त्याचे लाल सुजलेले गाल पाहिले. हलक्या आवाजात विचारलं, "काही दुखतंय का तुम्हाला? सांगा की. गार पाणी आणू का?"

मुलांनो, त्या वेळी केरबाने फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण नवशिका म्हणून ओळखू येण्याची त्याला लाज वाटली.

"छे, छे," तो दात आवळून म्हणाला. "माझा चेहराच असा आहे."

हौसाबाईचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. मग तिने जांभळांचं पान दगडावर ठेवलं.

"बरं झालं, आधीच दिसला," ती म्हणाली आणि निघाली. धनेशअण्णा केरबाकडे एकदा बघून तिच्यामागे उडाले.

केरबा दगडावर बसला. त्याने जांभळं खाल्ली नाहीत. गालांची आग दुपारपर्यंत थांबली. आतली मात्र थांबायचं नाव घेईना.

सोमवारी सोनाक्का आली. त्याला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"काय लावलंस रं?"

"सगळं."

तिने तांब्याभर गार पाण्याने त्याचं तोंड धुतलं. तुरटी फिरवली. टिपलं. मग म्हणाली, "ती बाई वाटेत भेटली मला. म्हणाली, डोळे चांगले होते हो त्याचे, पण चेहरा तसाच निघाला. मी म्हटलं, तसा न्हाई तो. जा तू. एका दिवसाची वाट हाय. आग होत होती, लाजलो, एवढंच सांग. दोन बोटं खोबरेल लावून जा."

केरबा उठलासुद्धा. डोंगराच्या वाटेला तो लागणार, तेवढ्यात सुतारपक्षी उडत आला.

"केरबाराव! तुमच्या अनुभवावर आज खास सभा ठेवलीय. सगळे खोळंबलेत!"

"मला जरा डोंगरापलीकडे..."

"साळिंदरपंत म्हणाले, प्रमुख वक्ते तुम्हीच."

केरबाने डोंगराकडे पाहिलं. मग वडाकडे पाहिलं. डोंगर काय, उद्याही तिथेच असणार होता.

सभा आठ दिवस चालली. आग नेमकी बाटलीची की डबीची, यावर दोन गट पडले. केरबाने दोन्ही गटांपुढे भाषण केलं. दोन्हीकडे टाळ्या पडल्या. सभा संपली तेव्हा त्याच्या हनुवटीवर बोटभर केस आले होते. मग पावसाळ्यात विशेष अधिवेशन भरलं. त्यानंतर कधीतरी धनेशअण्णांकडून कळलं, की हौसाबाईने नदीकाठच्या एका अस्वलाशी घर मांडलं. फार देखणा नव्हता म्हणे. पण दुखलं की दुखतंय असं सांगायचा.

आता केरबा मंचाचा उपाध्यक्ष आहे. त्याचा चेहरा पुन्हा कुणाला दिसत नाही. अधूनमधून एखादं नवीन, घाबरलेलं, नुकतीच दाढी केलेलं जनावर वडाखाली येतं आणि विचारतं, "आफ्टरशेव्ह लावू की नको?"

"प्रश्न चांगला आहे," केसांच्या आतून केरबाचा आवाज येतो. "बसा. घाईचं काम नाही."

तात्पर्य : अर्ध्या मिनिटात मिळालेला सल्ला कधीही ऐकू नये. तो लगेच उपयोगी पडतो, आणि मग संध्याकाळी चारचौघांत जाऊन बसायला काही कारणच उरत नाही.