डॉक्टरीणबाईंचा पाव

पाव ताटलीत ठेवला तेव्हा ठक्कन आवाज झाला. टेबलाशी बसलेल्या परीक्षकांनी आणि त्यांच्या आईंनी तो ऐकला आणि ऐकलाच नाही असा चेहरा केला. डॉक्टरीणबाईंनी एका हाताने पाव दाबून धरला, दुसऱ्या हाताने सुरी चालवली आणि अवघड दाढ काढताना लावतात तेवढा जोर लावून दोन तुकडे पाडले. तिसऱ्याला सुरीची नुसती मूठ हातात आली.

"सुरीच जुनी झालीय," परीक्षक घाईघाईने म्हणाले.

"सुरीचं राहू द्या. आधी खाऊन बघा."

परीक्षकांनी तुकडा दाढेखाली धरला. तो काही दबेना. बायको समोर उभी, डोळ्यांत सगळा जीव गोळा झालेला. शेवटी तुकडा गालात सरकवून ते म्हणाले, "वा!"

हा 'वा' कुणा साध्यासुध्या नवऱ्याचा नव्हता. परीक्षक चहाच्या कंपनीत चव तपासण्याच्या कामावर होते. ओळीने मांडलेल्या वाट्यांतून एकेक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा आणि निकाल सांगायचा. "जळकट." "कुबट." "ह्याला चहा म्हणू नका." त्यांच्या एका शब्दावर ट्रकभर माल आल्या पावली परत जाई. खुद्द मालकांनी हौसेने आणलेल्या चहाला त्यांनी मालकांच्या तोंडावर "धुण्याचं पाणी" म्हटले होते. असा माणूस 'वा' म्हणतो म्हटल्यावर बायकोने तो खरा का मानू नये?

आणि तो 'वा' त्यांच्या तोंडून निघाला त्यालाही कारण होते. डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. हात इतका हलका की दात निघाला तरी माणूस "कधी काढताय?" म्हणून विचारत बसे. पण एका रविवारी त्या खिन्न होऊन म्हणाल्या होत्या, "माझ्यापुढे जो येतो तो रडवेल्या तोंडानंच येतो हो. एकदा तरी माझ्या हातचं काहीतरी कुणी हसत खावं, असं वाटतं." मग ओव्हन आला, पीठ आले, यीस्ट आले. पहिला पाव निघाला तेव्हा परीक्षकांना बायकोची माया आली, आणि मायेच्या भरात जीभ घसरली. त्यांच्या जिभेने पत्करलेली ही पहिली लाच. पुढे दर रविवारी पाव आणि दर रविवारी 'वा'.

प्रश्न 'वा' म्हणून झाल्यावर उरणाऱ्या पावाचा होता. परीक्षक तो खिशातून मागच्या बागेत नेत. आधी त्यांनी पाखरांना घालून पाहिला. कावळ्याने एक तुकडा चोचीत धरला, जिन्याच्या कठड्यावर नेऊन आपटला, पुन्हा आपटला आणि हात टेकले. साळुंक्या त्याच्याभोवती फिरल्या आणि किडे शोधायला निघून गेल्या. खारीने त्यावर बसून शेंग खाल्ली. तेव्हा परीक्षक खुरपे घेऊन बटाट्याच्या वाफ्याकडे वळले.

ह्या वाफ्याचे एक वेगळे दुखणे होते. तिथे घूस लागली होती. चांगली मांजराएवढी, आणि मांजरापेक्षा निर्लज्ज. परीक्षकांनी तिच्या बिळात विटांचे तुकडे कोंबले, काचा कोंबल्या, सिमेंट ओतले. ती सकाळी शेजारी नवे दार काढून मोकळी होई. त्या दिवशी खड्डा खणायचा कंटाळा आला म्हणून परीक्षकांनी अख्खा उरलेला पाव बिळाच्या तोंडात ठोकून बसवला.

दुसऱ्या दिवशी बीळ बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. पावाने रात्रीच्या दवाने फुगून बिळाला असे काही बूच मारले होते की घुशीने वाफाच सोडला. बटाटे वाचले. परीक्षकांना एकाच वेळी आनंद झाला आणि लाज वाटली.

ह्या अवस्थेत ते उभे असताना गुलाबाच्या कुंडीमागून आई निघाल्या. पदराखाली काहीतरी होते.

"काय गं लपवतेस?"

"काही नाही रे," आई म्हणाल्या. त्या हल्ली ओठ मिटून बोलत. परीक्षकांनी पदर बाजूला केला तर पाव.

"तूसुद्धा? मग पुन्हा मागून कशाला घेतेस?"

"तू 'वा' म्हणतोस, मग मी काय करू? सुनेपुढे मीच वाईट होऊ होय?" असे म्हणून आईंनी तोंड उघडले. वरची कवळी मधोमध तडकली होती. "तिनंच करून दिलेली कवळी, तिच्याच पावानं मोडली. आता दुरुस्तीला तिच्याकडेच कशी नेऊ, सांग."

मायलेकांनी मिळून तो पावही बिळात बसवला.

इथवर घरातली गोष्ट घरात होती. पण डॉक्टरीणबाईंनी हौसेने एक पाव भिंतीपलीकडे राहणाऱ्या निवृत्त न्यायाधीशांकडे पाठवला. न्यायाधीशांच्या दाढेचे रूट कॅनल अर्धे झाले होते, अर्धे व्हायचे होते. ते दुसऱ्याच दिवशी भिंतीशी येऊन म्हणाले, "डॉक्टर, अप्रतिम! आणखी एक मिळेल का?"

"अय्या, खरंच?"

"दोन द्या."

डॉक्टरीणबाई त्या दिवशी गाणे गुणगुणत क्लिनिकला गेल्या. पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांच्या पलीकडच्या शिंपीणबाईंनी पैसे देऊन पाव मागितला, मग त्यांच्या पलीकडच्या संगीतशिक्षकांनी. घरामागून घर अशी मागणी गल्लीत सरकू लागली. परीक्षक चक्रावले. एवढी माणसे खोटे बोलतील, पण खोटे बोलायला पदरचे पैसे कशाला घालतील?

"बघितलंत?" डॉक्टरीणबाई एका सकाळी म्हणाल्या, "मी ठरवलंय. क्लिनिक गावात नुकत्याच आलेल्या त्या नव्या डॉक्टरला देऊन टाकते. तो सोमवारी ताबा घ्यायला येतोय. आपण बेकरी काढायची."

परीक्षकांच्या हातातला चहा सांडला. "अगं, एवढी घाई..."

"घाई कसली? तुमच्यासारख्या माणसानं वाखाणलाय. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

परीक्षक तडक न्यायाधीशांकडे गेले. ते मागच्या बागेत गुडघ्यांवर बसून हातोडीने जमिनीत काहीतरी ठोकत होते. परीक्षकांनी वाकून पाहिले. त्यावर सुरीने काढलेली फुली होती. डॉक्टरीणबाई भाजण्याआधी प्रत्येक पावावर अशी फुली काढत.

"साहेब! हा तर पाव!"

न्यायाधीश जराही ओशाळले नाहीत. "तुमच्याकडून हाकललेली घूस माझ्याकडे आली. तुम्ही बीळ कशानं बुजवलंत ते मी भिंतीवरून पाहिलं होतं. माझ्याकडून ती शिंपीणबाईंकडे गेली. मी त्यांना उपाय सांगितला. त्यांनी पुढे सांगितला."

म्हणजे घूस पुढे आणि पाव तिच्या मागे, अशी ही वरात गल्लीभर चालली होती.

"अहो, पण तिला हे कुणीच सांगितलं नाही? ती क्लिनिक बंद करतेय!"

आता मात्र न्यायाधीशांची हातोडी थांबली. हात नकळत गालावर गेला. "बंद? आणि तो नवा डॉक्टर? त्यानं परवा माझ्याशी हात मिळवला, बोटं अजून दुखताहेत. तो दाढेत हात घालणार? छे छे! तुम्ही आजच्या आज तिला खरं सांगा."

"तुम्ही सांगा ना. जन्म गेला तुमचा लोकांना खरं बोलायची शपथ घालण्यात."

"घालण्यात," न्यायाधीश म्हणाले. "माझी दाढ अजून तिच्या हातात आहे हो. उघड्या तोंडानं त्या खुर्चीत बसायचंय मला. शिवाय पहिला 'वा' कुणाचा?"

परीक्षक घरी आले, दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन गप्प बसले.

रविवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गिऱ्हाइकांना चहाला बोलावले. मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, बेकरीची बातमी सांगितली आणि प्रत्येकाच्या बशीत एकेक तुकडा ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना खावे लागत नाही म्हणून त्या बराच वेळ वाजत राहिल्या.

"घ्या ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आधी तुम्ही," शिंपीणबाई म्हणाल्या. संगीतशिक्षकांनी आपल्या घशाचे कारण सांगितले. न्यायाधीशांनी तुकडा उजेडात धरून त्याच्या रंगाची तारीफ केली.

तेवढ्यात बटाट्याच्या वाफ्यात माती हलली. गल्लीतल्या शेवटच्या घरातही बूच बसल्यावर घुशीला जागा उरली नव्हती. ती बिचारी पहिल्या घरी परत आली होती आणि आतून दार ढकलत होती. माती फुगली, एक पाव बाहेर पडला आणि उतारावरून गडगडत येऊन डॉक्टरीणबाईंच्या पायाशी थांबला. पाठोपाठ आईंचा पाव आला. मग घुशीने डोके काढून सगळ्या मंडळींकडे पाहिले, बशीतले तुकडे पाहिले आणि पुन्हा आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी पाव उचलला. फुली ओळखली. "हा इथं कसा?"

न्यायाधीश आभाळाकडे बघत होते. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना परीक्षकांना पाहवेना. पण उद्या सोमवार होता. त्यांनी रिकामी वाटी पुढे ओढली, बशीतला तुकडा तोंडात घातला, मोठ्या कष्टाने चावला, घोळवला आणि सगळ्यांदेखत वाटीत थुंकला.

"कच्चा," ते ऑफिसातल्या आवाजात म्हणाले. "यीस्ट उकळत्या पाण्यात मेलेलं. मीठ दुप्पट. पीठ फुगूच दिलेलं नाही. माल परत."

डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं? पावाचं काही नाही हो. जगात एक जीभ खरी आहे, असं मी धरून चालले होते."

परीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. आईंनी मुकाट्याने कवळी काढून सुनेच्या हातात दिली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट पाहिली, डोळे पुसले आणि न्यायाधीशांकडे वळल्या.

"साहेब, तुमची वेळ उद्या आहे ना?"

"आहे," न्यायाधीश क्षीण आवाजात म्हणाले.

"या. सावकाश बोलू."

क्लिनिक अर्थातच राहिले. नव्या डॉक्टरला निरोप गेला, आईंची कवळी सांधली गेली, न्यायाधीशांची दाढही पुरी झाली. हात नेहमीसारखाच हलका होता, पण तोंडात कापूस कोंबून त्यांना पावाबद्दलचे आपले खरे मत सांगायला लावण्यात आले, असे म्हणतात. आणि घरात नवा नियम झाला. दर रविवारी टेबलावर पावाशेजारी वाटी. परीक्षक चावत, थुंकत आणि सांगत, "आंबट." "अजून कच्चा." "बरा, पण मधे दडस." डॉक्टरीणबाई ओठ चावत आणि पुन्हा पीठ मळायला घेत. अशाच एका रविवारी परीक्षकांनी घास तोंडात घेतला, घोळवला, वाटी उचलली आणि गिळून टाकला. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले.

"गिळलात?"

"गिळला गं."

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग गल्लीभर मऊ, सोनेरी पाव वाटून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच न्यायाधीश भिंतीशी हजर. आता ते खरे बोलायला शिकले होते.

"डॉक्टर, स्पष्ट सांगतो. पाव बिघडला. पूर्वीची सर नाही. काल बिळात घातला, घुशीनं रातोरात खाल्ला आणि आता दारात बसून दुसऱ्याची वाट बघतेय. शिंपीणबाईंकडे तिची पोरंही आलीत. आम्हाला तो जुना पाव हवा."

डॉक्टरीणबाई हट्टाला पेटल्या. त्यांनी उकळते पाणी घेतले, मीठ दुप्पट टाकले, पीठ फुगायच्या आधीच भट्टीत ढकलले. पण यीस्ट घालेपर्यंत पाणी सवयीने कोमट होऊ दिले जाई, भट्टी तापेपर्यंत पीठ आतच फुगून येई, मळताना हात आपोआप हलका पडे, आणि मीठ जास्त झाले की राहवत नसे म्हणून पीठही वाढवले जाई. पाव निघाला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा आत गेला आणि पाव पुन्हा वर आला. त्यांचे तोंड उतरले.

परीक्षकांनी तुकडा तोंडात टाकला. वाटीकडे त्यांचा हातही गेला नाही. "वा!"

"खरं सांगा हं. माझ्या मनासाठी बोलू नका."

"खरंच सांगतोय. उत्तम झालाय."

"म्हणजे हाही वाया गेला," म्हणत डॉक्टरीणबाई मटकन खाली बसल्या. आईंनी तेवढ्यात दुसरा तुकडा उचलला.

भिंतीपलीकडून न्यायाधीशांचा आवाज आला, "काय डॉक्टर, जमला का?"

"नाही हो, साहेब," डॉक्टरीणबाई हताश होऊन म्हणाल्या. "हे म्हणतात, चांगला झालाय."